हरकत घ्यायची तर

वर्धेत लेआउटमधला प्लॉट घेताना माणूस सातबारा बघतो, अकृषक आदेश बघतो, ओपन स्पेस कुठे सोडली तेही विचारतो. शहराचा विकास आराखडा मात्र तो उघडत नाही. आराखड्याची आठवण होते ती कुंपणातून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, जातोय असं कोणीतरी सांगितल्यावर.

हा आराखडा 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होतो. नगरपरिषद आधी तो करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कुठे काय आहे, याचा जमीनवापर नकाशा तयार होतो. माझ्या मते लक्ष घालायची खरी वेळ हीच. पण तेव्हा कोणी फिरकत नाही. पोरांचं क्रिकेटचं मैदान इथे नुसतं ‘रिकामी जागा’ म्हणून चढलं, तर पुढचं सगळं त्या चुकीवरच उभं राहतं. मुंबईच्या 2015 च्या प्रारूप आराखड्यात अशा चुका इतक्या निघाल्या, की त्याच एप्रिलमध्ये शासनाने तो दुरुस्तीला परत लावला.

प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. तिथून हरकती-सूचनांसाठी 30 दिवस. आधी एक बघून घ्यावं: जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे ना? पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), नालवाडी ही गावं शहराला चिकटलेली, पण ग्रामपंचायती वेगळ्या.

अर्जात ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. मौजा, सर्व्हे नंबर, नकाशावरचा आरक्षण क्रमांक (बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा) लिहा आणि नेमकं मागा: ‘प्रस्तावित 12 मीटर रस्त्यात सार्वजनिक विहीर येते, रस्ता पूर्वेकडे सरकवावा.’ सोबत विहिरीचा फोटो आणि मोजणीची नक्कल जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत तीन सदस्य नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे इथे नगरपरिषदेचे, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. बोलायला मिनिटं थोडी मिळतात, म्हणून नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने खूण करून न्यावी. समितीचा अहवाल नगरपरिषदेकडे जातो, तिथून आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे.

मंजुरीनंतर कलम 127 चं घड्याळ चालू होतं. आरक्षित जमीन 10 वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नगरपरिषदेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द. मालकाने ती तारीख डायरीत लिहून ठेवलेली असते. समोरच्या मोकळ्या जागेत बाग होणार म्हणून वाट बघणाऱ्या गल्लीत ती कोणालाच ठाऊक नसते.