चित्रफीत कोणाच्या फोनवर?

गेल्या पावसाळ्यात नेरूळच्या माझ्या दवाखान्यात 72 वर्षांचे एक गृहस्थ आले. रुग्णालयातून घरी परतून आठवडा झाला होता. इन्सुलिन नव्यानेच सुरू झाले होते. घरी सोडताना त्यांना मराठी चित्रफिती पाठवण्यात आल्या होत्या. मी त्या पाहिल्या, उत्तम होत्या. मात्र त्या गेल्या मुलाच्या फोनवर, आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. एकादशीला आजोबांनी नेहमीइतकेच इन्सुलिन घेतले, दिवसभर पाण्यावर राहिले आणि संध्याकाळी घामाने डबडबून देवघरापुढेच बसले. शुद्धीवर होते, म्हणून पत्नीने दिलेले साखरपाणी पिऊ शकले.

मोबाइलवरील आरोग्यशिक्षण निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 537 नोकरदार पुरुष होते. आहार-व्यायामाचे साधे एसएमएस ज्यांना नियमित मिळाले, त्यांच्यापैकी दोन वर्षांत 18 टक्क्यांना मधुमेह झाला; इतरांत हे प्रमाण 27 टक्के होते. केंद्र शासनानेही 2016 मध्ये ‘एम-डायबेटिस’ हा संदेशांचा उपक्रम सुरू केला. परंतु अभ्यासातील ती मंडळी कमावत्या वयाची, स्वतःचा फोन स्वतः वाचणारी होती. आपल्या घरातील आजी-आजोबांचे तसे नसते.

म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वीच चित्रफीत रुग्णाच्या, किंवा दिवसभर त्याच्याजवळ असणाऱ्या व्यक्तीच्या फोनवर मागून घ्या. ती परिचारिकेसमोर एकदा लावा, मग रुग्णाला तीच कृती करून दाखवायला सांगा. नुसती मान डोलावली म्हणजे समजले असे नव्हे. हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पेनची कळ दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई आत ठेवायची, रोज टोचण्याची जागा बदलायची, या गोष्टी हातालाच शिकवाव्या लागतात. उपवास, उलटी किंवा जेवण चुकले तर मात्रेचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. आम्ही डॉक्टर घाईत असतो, तरीही आग्रह धरा.

साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 ला फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘कारल्याच्या रसाने इन्सुलिन सुटले’ छापाचे संदेश मात्र पाहताक्षणी पुसून टाकावेत.

त्या आजोबांच्या पत्नीच्या साध्या, बटणांच्या फोनवर चित्रफीत चालत नाही. त्यांच्यासाठी आम्ही उपवासाच्या सूचना ठळक अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावल्या, आणि एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मुलाने पुण्याहून फोन करायचा असे ठरवले.