जपून ठेवलेला कॅमेरा

चवथीआधी माटोळीची चौकट माळ्यावरून उतरवताना डिचोलीच्या घरी मामांचा यशिका-मॅट हाती लागला. चामडी कव्हर, त्यावर गुंडाळलेला पंचा. "बघ, कसा जपून ठेवलाय," मामी म्हणाली. उघडून पाहिलं तर खालच्या, फोटो घेणाऱ्या भिंगात कोळिष्टकासारखी बुरशी. एका सेकंदावर लावलेलं शटर उघडलं ते उघडंच राहिलं.

पणजीत माझ्या टेबलावर असे निव्वळ स्प्रिंगा आणि दात्यांवर चालणारे कॅमेरे येतात. वापरून झिजलेले त्यांत फार थोडे. बाकीचे असेच, जपून जपून बिघडलेले.

चामडी कव्हरात कॅमेरा सुरक्षित, ही समजूत मुंबई-पुण्यातही आहे, पण आपल्याकडे ती जास्त महागात पडते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि चामडं ओल धरून ठेवतं. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. त्यांना हवी फक्त ओल, अंधार आणि भिंगावरच्या बोटांच्या ठशांचं खाद्य. म्हणून एका कॅमेऱ्याची बुरशी दुसऱ्याला 'लागते' या भीतीतही फारसं तथ्य नाही. दोघे एकाच ओल्या कपाटात असतात, एवढंच. पावसात पापड कशात ठेवता? हवाबंद डब्यात. कॅमेराही तिथेच ठेवावा, सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं.

मग लोक म्हणतात, ऊन दाखवू. उन्हाने बुरशी मरेलही कदाचित, पण तिचे धागे काचेवर तसेच राहतात. तिच्या आम्लाने खाल्लेला भिंगावरचा लेप परत येत नाही. उलट तापल्यावर फोकसच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पातींपर्यंत झिरपतं. कापडी पडद्याचा कॅमेरा झाकण काढून उन्हात ठेवला तर भिंग सूर्य नेमका पडद्यावर आणून भोकच पाडतं. उन्हाचा उपयोग होतो तो वेगळ्याच दुखण्यावर. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर एफ १.४ सुपर टाकुमारसारख्या काही भिंगांच्या काचेत थोरियम आहे आणि ती वर्षांनुवर्षं पिवळी पडत जाते. तो पिवळेपणा काही आठवडे ऊन दिलं की बराच उतरतो. अर्थात, आधी भिंग कॅमेऱ्यापासून सोडवून घ्यायचं.

सगळ्यात जास्त नुकसान मी तेलाने झालेलं पाहिलंय. शटर अडकलं की शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, नाहीतर फवारा. शटरच्या पोलादी पाती कोरड्याच सरकायला हव्यात. तेलाने त्या दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशा एकमेकींना चिकटतात. मुळात दुखणं पातींत नसतंच बहुधा. एक सेकंद, अर्धा, पाव हे संथ वेग मोजायला आत घड्याळासारखी दातेरी चाकांची साखळी असते आणि ती घुर्रर्र आवाज करत वेळ काढते. मामांच्या कॅमेऱ्यात तो आवाज निम्म्यात दमून थांबायचा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. साखळी सोडवून लायटरच्या पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, मग सुईच्या टोकाने फक्त चाकांच्या आसांना घड्याळाचं तेल लावलं. एका आसाला जेमतेम ठिपक्याएवढं. हे काम फोटो स्टुडिओपेक्षा घड्याळजीच्या हाताला अधिक जवळचं आहे.

वेग बरोबर आहे का, हे कानाने सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मागचं झाकण उघडं ठेवून मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो-मोशन घ्या आणि शटर उघडं असलेल्या चौकटी मोजा. १/३० ला आठेक यायला हव्यात. १/५०० असं मोजता येणार नाही. तो वेग जुन्या शटरात थोडा मंदच असतो, आणि निगेटिव्ह रोल तेवढं सहज सांभाळून घेतो.

व्हिडिओ बघून घरी कॅमेरा उघडणाऱ्यांना एकच सांगतो. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. माझ्याकडे आलेल्या एका कॅमेऱ्याचे चारही स्क्रू असे गुळगुळीत झाले होते, मालक म्हणे, "नुसता उघडून बघितला."

प्रकाश मोजणाऱ्या मीटरची बॅटरी मिळत नाही म्हणून कॅमेरा बाद, हेही खरं नाही. १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, पण त्या फक्त त्या मीटरसाठी होत्या. यांत्रिक शटरला त्यांची गरज नाही. रोल बंद झाले ही अफवा २००९ मध्ये कोडाक्रोम थांबल्यापासून फिरतेय. कोडॅक आणि इलफर्ड आजही रोल बनवतात, यशिका-मॅटला लागणारा १२० सुद्धा. क्लिक-थ्री कॅमेरावाल्यांनी तर निश्चिंत असावं. वडोदऱ्यात बनलेल्या त्या डब्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच.

आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसणं सोडा. डिचोलीच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ म्हणजे लोहखनिज, हरमलच्या किनाऱ्यावरची म्हणजे वाळू. दोन्ही जुन्या भिंगाच्या मऊ लेपाला ओरखडतात. आधी रबरी फुग्याने फुंकायचं, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडला तर तो नुसता वाळवू नका. मीठ आतच राहतं आणि गंज सुरू होतो. लगेच गोड्या पाण्यात धुवायचा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्यायचा.

मामांच्या भिंगावर कडेला बुरशीचा एक डाग कायमचा राहिला. कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला तो कॅमेरा नेला होता. रात्रीच्या बारापैकी नऊ फोटो आले. कव्हर मामीला परत दिलं आणि तिच्याकडचा काजूगरांचा रबरी कड्याचा डबा मागून आणला. तो परत कधी देणार, असं तिने दोनदा विचारलंय.