कोल्हापूर जिल्ह्यातील देवदासी प्रथा निर्मूलन

देवदासी प्रथा निर्मूलन म्हणजे मुलींना देवाला सोडण्याची प्रथा आणि तिच्या आडून होणारी मुलींची विक्री व लैंगिक शोषण रोखण्यासाठी झालेले शासकीय व सामाजिक प्रयत्न होत. कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः कर्नाटक सीमेलगतच्या गडहिंग्लज परिसरात, ही प्रथा यल्लम्मा (रेणुका) देवीशी निगडित होती. देवीचे प्रमुख स्थान बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथे आहे.

प्रथेचे स्वरूप

नवस, दीर्घ आजार किंवा केसांत जट येणे अशा कारणांवरून मुलीला देवीला सोडले जाई. गळ्यात मण्यांची माळ बांधल्यावर ती जोगतीण मानली जाई आणि तिचा लौकिक विवाह होत नसे. खंडोबाला सोडलेल्या मुलीस मुरळी म्हणत. या मुली बहुतांशी दलित व गरीब कुटुंबांतील असत.

मानवी तस्करीशी संबंध

पतीचा आधार नाही आणि जोगव्याखेरीज निश्चित उत्पन्न नाही, अशा स्थितीत अनेक जोगतिणींना मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील वेश्यावस्त्यांत नेण्यात आले. दलालांना त्यासाठी बळाचा वापर करावा लागेच असे नाही. धार्मिक विधीमुळे कुटुंबाचा व गावाचा विरोध आधीच मावळलेला असे. विधी बहुधा बालवयात होत असल्याने मुलीच्या संमतीला अर्थ नसे.

कायदे

राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेस प्रतिबंध करणारा कायदा केला. मुंबई प्रांतातील १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने, स्त्रीची संमती असली तरी तिला देवाला वाहणे बेकायदेशीर ठरवले व देवदासीच्या विवाहास वैधता दिली. त्यात कमाल शिक्षा एक वर्ष कारावासाची होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र व अधिक कठोर कायदा केला. त्यामुळे मुलीचे गाव महाराष्ट्रात आणि देवस्थान कर्नाटकात असल्यास दोन्ही राज्यांतील कायदे व यंत्रणा भिन्न असत. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ मध्ये संमत झाला. शिक्षेबरोबरच नियंत्रण मंडळ, जिल्हास्तरीय समित्या आणि पुनर्वसन यांची तरतूद त्यात आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार माणसांचा अपव्यापार निषिद्ध आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा (१९५६) आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ दलालांविरुद्ध वापरता येते. तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती विचारात घेतली जात नाही.

अंमलबजावणीतील अडचणी

बंदीनंतर विधी गुप्तपणे होऊ लागल्यास तो सिद्ध करणे कठीण जाते. आरोपी अनेकदा आईवडील किंवा नातेवाईक असल्याने मुलीला स्वतःच्याच कुटुंबाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. त्यामुळे निर्वाह अनुदान, मुलांचे शिक्षण आणि विवाहासाठी साहाय्य हे निर्मूलनाचे कायद्याइतकेच महत्त्वाचे अंग मानले जाते.