गोल मेजाची शपथ

वाचकहो, आर्थर राजा आणि त्याच्या गोल मेजाची गोष्ट गुरुजींनी वर्गात सांगितली असेल. हे राज्य इतिहासात शोधू नका. ते कथाकारांनी रचले. टॉमस मॅलरी याने इंग्रजीत सांगितलेली त्याची मोठी कथा १४८५ साली छापली गेली.

मेज गोल का? पंगतीत वरचा पाट कोणाचा, हा तंटा आपल्याला काही नवा नाही. गोल मेजाला वरची बाजूच नसते! त्याभोवती बसणारे ते ‘नाइट’, म्हणजे घोडेस्वार सरदार. ज्यांच्याकडे जमीन थोडी, त्यांना राजाने जमिनी दिल्या आणि त्याबरोबर शपथही घातली.

ती शपथ कशी निघाली, ते ऐका. राजाचा भाचा गावेन एका सरदाराशी लढला. हरलेला माणूस दयेची याचना करीत होता, तरी रागाच्या भरात गावेनने तलवार उगारली. त्या सरदाराची स्त्री मध्ये पडली आणि घाव तिच्यावर बसला. दुसरा सरदार पेलिनोर. वाटेत एका स्त्रीने मदतीसाठी हाक मारली. पण हा आपल्या कामाच्या घाईत, थांबला नाही. ती प्राणास मुकली. पुढे कळले, ती त्याचीच मुलगी!

या चुका दरबारापुढे आल्या, मग शपथ ठरली: अत्याचार आणि खून करू नये. द्रोह करू नये. शरण आलेल्यास अभय द्यावे. स्त्रियांच्या मदतीला धावावे. द्रव्याच्या लोभाने अन्यायाच्या बाजूने लढू नये. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला ही शपथ पुन्हा घ्यायची. एकदा घेतलेली शपथ माणूस विसरतो, नाही का?

आणि तसेच झाले. पुढे राणीला वाचवताना लान्सलॉटच्या हातून, गर्दीत न ओळखल्यामुळे, गावेनचे दोन निःशस्त्र भाऊ मारले गेले. लान्सलॉटने क्षमा मागितली, अनवाणी चालत प्रायश्चित्त घेण्याची तयारी दाखवली. गावेन ऐकेना. त्याच्या हट्टापायी राजा फौज घेऊन फ्रान्सला गेला. मागे मॉर्ड्रेडने सिंहासन बळकावले. मरताना गावेनला पश्चात्ताप झाला, पण तोवर राज्य हातचे गेले होते.

गुरुजी, ही गोष्ट सांगून झाली की मुलांना एवढेच विचारा: या शपथेतले कोणते कलम पाळायला सर्वांत अवघड? मुलांची उत्तरे ऐकाच. आणि आपले उत्तर, घरी गेल्यावर, आपणही शोधू या.