मोजून दिलेली आच : पेलेट ग्रिल आणि त्याचे इंधन

अमेरिकेत, विशेषतः टेक्सास आणि कॅरोलायनाच्या परिसरात, उघड्यावर लाकडाच्या धगीत मांस तासन्‌तास मंद भाजण्याची जी परंपरा आहे, तिच्यात आच सांभाळणे हेच मुख्य कौशल्य मानले जाते. कारण प्रत्येक ओंडक्याची जाडी, ओल आणि घनता निराळी असल्याने त्याचा जाळही निराळा असतो. पेलेट ग्रिल या यंत्राने ही अडचण आधी इंधनात सोडवली आणि मगच भट्टीत, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली, साधारण 6 मिलिमीटर व्यासाची आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत लांबीची कांडी. लाकूड कापण्याच्या आणि फर्निचरच्या कारखान्यांतून आलेला भुसा प्रथम वाळवतात, हॅमर मिल नावाच्या चक्कीत एकसारखा बारीक करतात आणि मग जाड पोलादी साच्याच्या भोकांतून रोलरच्या दाबाने बाहेर काढतात. या दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना मुळातच बांधून ठेवणारा घटक, मऊ होतो आणि कांडी निवताच पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे सहसा वेगळा चिकट पदार्थ मिसळावा लागत नाही. तयार कांडीत ओल दहा टक्क्यांहून कमी उरते आणि चांगल्या मालाची राख एक टक्क्याच्या आत राहते.

1970च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्य भागात अशा कांड्यांवर चालणाऱ्या घरगुती शेगड्या पुढे आल्या. त्याच प्रदेशातील ऑरेगन राज्यात, माउंट एंजल या गावी, जो ट्रेगर यांनी 1980च्या दशकाच्या मध्यात हेच तंत्र भाजण्याच्या भट्टीला लावले. त्यांच्या पेटंटची मुदत 2006च्या सुमारास संपल्यावर इतर उत्पादकही या क्षेत्रात उतरले.

यंत्राची रचना सुटसुटीत आहे. बाजूच्या हॉपरमधील, म्हणजे साठवणीच्या पेटीतील कांड्या ऑगर हा विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा तळाच्या लहानशा अग्निपात्रात ढकलतो, तिथे तापलेली सळई त्यांना पेटवते आणि पंखा हवा पुरवतो. आतील तापमान पाहून नियंत्रक ऑगरची गती ठरवतो, आणि त्यामुळे सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या मंद धगीपासून 230 अंश किंवा त्याहून अधिक उष्णतेपर्यंत हवी ती आच बराच वेळ टिकवता येते. ज्वाळा आणि पदार्थ यांच्यामध्ये धातूचा पत्रा असल्याने अन्नाला थेट जाळ लागत नाही आणि उष्णता फिरत्या हवेतून पोहोचते.

स्वादाचे गणित मात्र याच नेमकेपणामुळे अवघड होते. लिग्निनच्या विघटनातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही धुराला वास व चव देणारी संयुगे तयार होतात. परंतु पंख्याच्या हवेत कांड्या जितक्या पूर्ण जळतात, तितका धूर कमी उरतो. म्हणूनच या भट्टीतील धुराचा स्वाद ओंडक्यांच्या भट्टीपेक्षा सौम्य असतो, आणि तो वाढवायचा तर सुरुवातीचे काही तास आच मंद ठेवावी लागते. हिकरी आणि मेस्कीट यांचा धूर उग्र, तर सफरचंद व चेरीच्या लाकडाचा सौम्य मानतात; पिशवीवर एका झाडाचे नाव असले तरी आत अनेकदा ओक किंवा अल्डरचा मोठा वाटा असतो, त्यामुळे घटकांची यादी वाचून घेणे हिताचे ठरते.

या इंधनाचा मोठा शत्रू पाणी. ओल लागताच कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि तो ऑगरमध्ये घट्ट बसून यंत्र बंद पाडतो. म्हणून पिशव्या कोरड्या, झाकलेल्या जागी ठेवाव्या लागतात. अग्निपात्रातील राख वेळोवेळी काढावी लागते, कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यामुळे भट्टी बंद जागेत कधीच पेटवू नये, आणि वीज गेली की सारेच थांबते. या मर्यादा मान्य करूनही पेलेट ग्रिलचे मोल कमी होत नाही, कारण टाकाऊ भुशाला एकसारखा आकार दिल्यामुळेच लाकडाची आच मोजून देता येऊ लागली आणि रात्रभर भट्टीपाशी जागण्याचे कष्ट ज्यांना झेपत नव्हते, त्यांनाही या पाककलेचे दार उघडले.