गृहपाठाची मदत कोणाच्या फोनवर?

संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी आमच्या वस्तीतील एक मुलगी गेले सहा महिने ब्राउझर एक्स्टेन्शन बनवीत आहे. क्रोम, फायरफॉक्स यांना जोडायचे हे छोटे उपकरण. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेलेली मुले इंग्रजी गृहपाठात अडतात ती विषयापाशी नव्हे, शब्दापाशी. 'स्पीड' म्हणजे शाळेत शिकलेली 'चाल' आणि 'व्हेलॉसिटी' म्हणजे 'वेग', हे सांगायला घरात कोणी नसते. बटण दाबून शब्द निवडला की तिचे एक्स्टेन्शन मराठी संज्ञा दाखवते.

पहिल्या खेपेला ते थेट उत्तरच देत होते. अभ्यासिकेतील मुले खूश! दहा मिनिटांत उतरवून मोकळी. तेच गणित फळ्यावर दिले तेव्हा मात्र हात थांबले. तिने उत्तराचा भाग काढून टाकला. मुले रुसली, पण तिने योग्यच केले. आयती उत्तरे विकणारे बाजारात पुष्कळ आहेत.

वकील असल्याने मी आधी परवानगी पाहिली. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या 'मॅनिफेस्ट' फाईलमध्ये त्याला काय वाचण्याचा अधिकार हवा ते लिहावे लागते. तिने सोय म्हणून सर्वच संकेतस्थळे मागितली होती. म्हणजे गृहपाठाबरोबर शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, आईचे बँक खाते, सारेच उघडे! वापरणारी मुले अठरा वर्षांखालील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. आता तिने 'ॲक्टिव्हटॅब' ही मर्यादित परवानगी घेतली आहे. मुलाने बटण दाबले तरच, आणि तेही समोरचेच पान वाचले जाते. शब्दसूची एक्स्टेन्शनमध्येच असल्याने बाहेर काही पाठवावे लागत नाही.

खरी अडचण पुढेच आली. हे सारे चालत होते अभ्यासिकेतील एकुलत्या एक लॅपटॉपच्या क्रोमवर. घरी असतो तो मोबाईल, तोही वडील कामावरून आल्यावर हाती येणारा. आणि अँड्रॉइड फोनवरील क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. ज्या घरात लॅपटॉप आहे, त्या घरात शब्दाचा अर्थ सांगणाराही बहुधा असतो. मग ही मदत पोहोचणार कोणाला?

फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनचा मार्ग सर्वांसाठी खुला केला. तिने सारे काम तिकडे वळवले आहे. क्रोमच्या दुकानात नोंदणीला एकदाच पाच डॉलर भरावे लागतात. फायरफॉक्सकडे तेही नाहीत. सध्या फोनवर शब्द दाबून धरला की फोनचाच मेनू तिच्या चौकटीवर येऊन बसतो. त्याच्याशी तिची झटापट चालू आहे.

शब्दसूचीत भौतिकशास्त्र बऱ्यापैकी झाले आहे. रसायनशास्त्राला हातच लागलेला नाही. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या शिक्षक बंधू-भगिनींनी रविवारचे दोन तास काढले, तर परीक्षेपूर्वी तेही पूर्ण होईल.