प्रोटेक्ट: कुणाला, कशापासून?

गेल्या आठवड्यात ‘सेव्ह’ झालं. आज त्याचा चुलत भाऊ. आपण ‘प्रोटेक्ट’ म्हणताना ‘प्रो’वर दाब देतो, इंग्रज माणूस पहिलं अक्षर निम्मं गिळतो आणि सगळा जोर ‘टेक्’वर टाकतो. उच्चाराबद्दल एवढं पुरे, कारण खरी अडचण अर्थाची आहे. ‘प्रोटेक्ट म्हणजे रक्षण करणे’ असं शाळेत पाठ केलं की डोळ्यांसमोर दाराशी काठी घेऊन बसलेला राखणदार येतो. हा शब्द रोजच्या कामात वापरणाऱ्या माणसांच्या मनात भलतंच चित्र असतं.

ते बघायला कर्जत स्टेशन बरं. पुण्याकडे निघालेल्या गाडीला इथे मागून बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्यात प्रवासी वडापाव उरकून घेतात. पुढे बोरघाट. 1863 साली सुरू झालेल्या या मार्गावर सर्वांत कडक चढ 37 फुटांना एक फूट असा आहे. रेल्वेच्या नियमांत ‘गाडी प्रोटेक्ट करणे’ हा ठरलेला प्रयोग आहे. दोन स्टेशनांच्या मधे गाडी अडकून पडली आणि मागून दुसरी येण्याची शक्यता असली, तर गार्डनं (2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) काय करायचं? गाडीपाशी पहारा देत थांबायचं नाही. हातात सिग्नल घेऊन रुळावरून मागे चालू लागायचं. ब्रॉडगेजवर 600 मीटर गेल्यावर रुळाला एक डेटोनेटर बांधायचा, म्हणजे चाकाखाली फुटणारा फटाकाच. मग तसंच पुढे जाऊन 1200 मीटरवर आणखी तीन, एकमेकांपासून सुमारे दहा-दहा मीटर अंतरावर. मागच्या गाडीचं इंजिन त्यांवरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. आता हा माणूस आपल्या गाडीपासून सव्वा किलोमीटर लांब आहे, कदाचित ती त्याला वळणाआड दिसतही नसेल, आणि इंग्रजीत त्याच्याविषयी वाक्य होतं: ‘ही इज प्रोटेक्टिंग द ट्रेन.’

म्हणून हे क्रियापद शिकताना कर्ता आणि कर्म एवढ्यावर थांबू नये. तिसरी जागा धोक्याची. ती वाक्यात दिसो वा न दिसो, मनात भरलेली असावी लागते. घाटातल्याच दोन सायडिंगांवरून हे चटकन कळेल. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी थेट स्टेशनात घुसू नये म्हणून तिला वाटेतच चढाच्या फाट्यावर वळवून थोपवतात. ती कॅच सायडिंग. स्टेशनात उभे असलेले डबे घरंगळून पुढच्या उताराला लागू नयेत म्हणून जो फाटा ठेवतात, ती स्लिप सायडिंग. पहिली ‘प्रोटेक्ट्स द स्टेशन फ्रॉम द सेक्शन’. दुसरी ‘प्रोटेक्ट्स द सेक्शन फ्रॉम द स्टेशन’. शब्द तेच, फक्त दोन नामांनी जागा बदलल्या आणि धोक्याची दिशा उलटली. मराठीत ‘-पासून’ हे शब्दयोगी अव्यय नामालाच चिकटलेलं असल्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजीत बिघडतं, आणि घाटात तर फारच.

‘फ्रॉम’ घ्यायचं की ‘अगेन्स्ट’, हा नेहमीचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात. ऊन, धूळ, कुत्रं, माणूस अशा समोर दिसणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्रॉम’ सहज येतं. रोग, चोरी, नुकसान अशा ‘होईल की काय’ गटातल्या गोष्टींसाठी ‘अगेन्स्ट’कडे ओढा असतो. विम्याच्या कागदात आणि लसीच्या जाहिरातीत म्हणून तेच दिसतं. तिथे कर्म गाळलं तरी खपतं: ‘द व्हॅक्सिन प्रोटेक्ट्स अगेन्स्ट मीझल्स.’ पडण्यापासून वाचवायचं असेल तर ‘फ्रॉम फॉलिंग’. ‘टू फॉल’ म्हणू नका, अर्थ लागणारच नाही.

लॅटिनमधे ‘प्रो’ म्हणजे समोर आणि ‘टेगेरे’ म्हणजे झाकणे. ‘डिटेक्ट’ही त्यातलाच: झाकण काढणे. आपल्या ‘स्थगित’मधला संस्कृत ‘स्थग्’ धातूही मूळचा झाकण्याचाच, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘टेगेरे’चा भाऊबंद मानतात. (सभा स्थगित होते तेव्हा बऱ्याचदा कशावर तरी झाकणच पडलेलं असतं.) हा मूळ अर्थ अंगावर घेतलेला बघायचा असेल तर लावणीच्या दिवसांत खालापूर-कर्जतच्या खाचरांत इरलं आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं, अलीकडे प्लास्टिकचा कागद. ते डोक्यावरून पाठीवर उतरतं, कारण वाकून रोपं लावणाऱ्या बाईची पाठच आभाळाकडे असते. दोन्ही हात मोकळे राहतात. पाऊस कुठून येणार हे ठरवून मगच ते विणलेलं असतं.

आता ‘सेव्ह’, ‘रेस्क्यू’ आणि ‘प्रोटेक्ट’ यांतला फरक. मराठीत ‘बचाव’ हा एकच शब्द पुष्कळ कामं करतो: कोर्टात बचाव पक्ष, दरडीखाली बचाव पथक. इंग्रजी इथे वेळ बघतं. धोका अजून यायचा आहे तोवर प्रोटेक्ट. आल्यावर सेव्ह किंवा रेस्क्यू. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढू शकत नव्हती. जवान पावसात पायी चढले आणि हातांनी माती उपसत राहिले. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. तेव्हाच्या बातम्यांत ‘रेस्क्यू’ हा शब्द होता आणि तो बरोबर होता. ‘प्रोटेक्ट’चं काम त्याआधीचं. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनंच तेव्हा विधिमंडळात सांगितलं. वाक्यातली तिसरी जागा भरलेलीच नव्हती.

सरकारी भाषेत ‘प्रोटेक्टेड’ हे विशेषण झालं की मात्र सांभाळून वाचावं. 1927च्या वन कायद्यात ‘रिझर्व्ह्ड फॉरेस्ट’ म्हणजे राखीव वन आणि ‘प्रोटेक्टेड फॉरेस्ट’ म्हणजे संरक्षित वन. कानाला दुसरं जास्त कडक वाटतं. आहे उलट. राखीव वनात ज्याची परवानगी दिलेली नाही ते बहुतेक सगळं बंद; संरक्षित वनात ज्याची मनाई केलेली नाही ते बहुतेक सगळं चालू. सरपणाचा भारा आणणाऱ्या ठाकर वा कातकरी बाईला हा फरक शब्दकोशाशिवाय ठाऊक असतो. आणि ‘प्रोटेक्शन मनी’ हा शब्द कुठे दिसला तर त्याचं भाषांतर ‘संरक्षण निधी’ करू नका; त्याला आपल्याकडे हप्ता म्हणतात. तिथे धोका आणि रक्षणकर्ता एकच असतो.

राहिलं माथेरान, कर्जत तालुक्यातलंच. 2003 साली ते आणि आजूबाजूचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. झाडं, लाल मातीचे रस्ते, शांतता: प्रोटेक्टेड. कशापासून? इंजिनापासून. हे मला मनापासून पटतं. पण इंजिन नाही म्हणून चढावर माणसानं माणसाला ओढायची हातरिक्षा तिथे टिकून राहिली. ई-रिक्षा हव्यात ही मागणी रिक्षा ओढणाऱ्यांनीच लावून धरली, डिसेंबर 2022मधे त्यांची चाचणी सुरू झाली आणि ऑगस्ट 2025मधे सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. नियम करणाऱ्यांनी कर्म भरलं होतं, धोकाही भरला होता. ओढणाऱ्याची छाती कुठल्याच जागी बसवली नव्हती.

‘प्रोटेक्ट’चा शेजारी ‘प्रिझर्व्ह’ पुढच्या आठवड्यात घेऊ. लोणच्याच्या बरणीपासून सुरुवात करता येईल.